नगरांची काव्यस्पर्धा : ‘पोएट्री स्लॅम’चा इतिहास आणि भाषेचा प्रश्न

१

काव्यात स्पर्धा असावी काय, हा साहित्यविचारातील जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विद्वानांनी बहुधा नकारार्थीच दिलेले आहे. तरीही ज्या ज्या समाजांत काव्य मोठ्याने म्हटले व ऐकले गेले, त्यांपैकी पुष्कळ समाजांत काव्याच्या स्पर्धा होतच आल्या. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत या जुन्या व्यवहारास एक नवे रूप प्राप्त झाले आहे. अमेरिकेतील शिकागो नगरीत उदयास आलेली ‘पोएट्री स्लॅम’ ही संस्था आरंभी एका मद्यगृहापुरती मर्यादित होती. पुढे तिचे रूपांतर नगरानगरांमधील स्पर्धेत झाले आणि अखेरीस देशांच्या व भाषांच्या सीमा ओलांडून ती आंतरराष्ट्रीय झाली.

या संस्थेविषयीची मते बहुधा दोन टोकांची आढळतात. काहींच्या मते ही काव्याची विटंबना होय. तर काहींच्या मते ग्रंथालयात कोंडल्या गेलेल्या काव्याची ही मुक्तता होय. या वादाचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. येथे तीन प्रश्न घेतले आहेत. या स्पर्धेचे एकक नगर हेच का ठरले, हा पहिला. कोणाही श्रोत्यास परीक्षकाच्या आसनावर बसविण्याच्या रीतीचा अर्थ काय, हा दुसरा. आणि एका भाषेत जन्मलेली ही स्पर्धा अनेक भाषांत गेली तेव्हा त्या रीतीचे काय झाले, हा तिसरा. पहिले दोन प्रश्न इतिहासाचे आहेत. तिसरा भाषाशास्त्राचा आहे. परंतु पहिल्या दोहोंचे उत्तर हाती आल्यावाचून तो नीट मांडताही येत नाही, असे अभ्यासान्ती दिसून आले.

२

प्रथम मूळ हकीकत. मार्क स्मिथ हा शिकागोमधील बांधकामावर काम करणारा कामगार व कवी. तत्कालीन काव्यवाचनाच्या बैठका त्यास निर्जीव वाटत. कवीने मान खाली घालून कागद वाचावा, मोजक्या श्रोत्यांनी सौजन्याने टाळ्या वाजवाव्यात आणि सर्वांनी घरी जावे, हा क्रम मोडावा या इच्छेने त्याने १९८४ मध्ये ‘गेट मी हाय’ नावाच्या एका लहानशा जाझ मद्यगृहात वाचनाची मालिका सुरू केली. जुलै १९८६ मध्ये हा कार्यक्रम शिकागोच्याच अपटाउन भागातील ‘ग्रीन मिल’ या जुन्या जाझगृहात गेला आणि दर रविवारी रात्री होऊ लागला. ‘स्लॅम’ हे नाव येथेच रूढ झाले. बेसबॉलमध्ये आणि पत्त्यांच्या ब्रिज या खेळात ‘ग्रँड स्लॅम’ हा शब्द निर्णायक यशासाठी वापरला जातो. जोराने आपटणे हा त्या शब्दाचा लौकिक अर्थ. क्रीडा आणि आघात या दोन्ही छटा नव्या नावात उतरल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्पर्धा हा त्या रात्रीचा केवळ शेवटचा भाग होता. आरंभी कोणीही येऊन कविता म्हणावी, नंतर पाहुण्या कवीचे वाचन व्हावे आणि उरलेल्या वेळात गंमत म्हणून चढाओढ व्हावी, अशी मांडणी असे. श्रोत्यांतूनच परीक्षक निवडले जात. न आवडलेल्या कवितेवर नापसंती उघडपणे दर्शविण्याची श्रोत्यांस पूर्ण मुभा असे. बोटांच्या चुटक्या, पायांचा ठेका, ओरडा हे सर्व त्या सभेच्या शिष्टाचारातच मोडत असे. तात्पर्य, कवीने श्रोत्यांचे लक्ष गृहीत धरू नये, ते दर क्षणी मिळवावे, हा या प्रयोगाचा मूळ उद्देश होता, आणि गुण हे त्याचे निमित्त होते.

हळूहळू नियम स्थिर झाले. कविता स्वतः रचलेली असावी. तीन मिनिटांत ती संपावी; दहा सेकंदांची सवलत, व त्यापुढील दर दहा सेकंदांस अर्धा गुण वजा. वेषभूषा, साहित्य व वाद्ये वर्ज्य. श्रोत्यांतून पाच परीक्षक घ्यावयाचे, प्रत्येकाने शून्य ते दहा या मर्यादेत दशांशासह गुण द्यावयाचे, सर्वांत वरचा व सर्वांत खालचा गुण सोडून मधल्या तिहींची बेरीज करावयाची. म्हणजे पूर्ण गुण तीस. स्पर्धेपूर्वी एका कवीने स्पर्धेबाहेर कविता म्हणावी, जेणेकरून परीक्षकांस आपली मोजपट्टी ठरविता येईल, अशीही रीत पडली. तरीदेखील रात्र चढत जाते तसतसे गुण चढत जातात, हा अनुभव सर्वत्र येई. त्यामुळे आधी म्हणणाऱ्यास तोटा होई. ही अपूर्णता स्पर्धेच्या कर्त्यांना पूर्णपणे ठाऊक होती. गुणांना फार मोल नाही, मोल कवितेला आहे, अशा अर्थाचे वचन स्लॅमच्या वर्तुळात घोषवाक्यासारखे फिरत राहिले, ते यामुळेच.

३

आता नगराचा प्रश्न. १९८६ नंतर ही रीत अॅन आर्बर, न्यू यॉर्क इत्यादी ठिकाणी पोचली. न्यू यॉर्कमध्ये तिचे केंद्र ‘न्यूयोरिकन पोएट्स कॅफे’ हे होते. प्वेर्तो रिको येथून आलेल्या लेखकांनी १९७३ मध्ये आरंभिलेली ही संस्था. मिगेल आल्गारीन व मिगेल पिन्येरो हे तिच्या संस्थापकांपैकी. मधल्या काळात बंद पडलेली ही संस्था ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उघडली, तेव्हा बॉब होलमन याने तेथे स्लॅमचा प्रघात पाडला. म्हणजे शिकागोतील रीत न्यू यॉर्कमध्ये आली तेव्हा तिला स्पॅनिश-इंग्रजी मिश्रभाषेची व स्थलांतरितांच्या अनुभवाची एक सिद्ध परंपरा तेथे आधीच भेटली. दोन नगरांतील स्लॅमचे स्वरूप प्रथमपासून वेगळे राहिले, त्याचे कारण हे.

१९९० मध्ये गॅरी ग्लेझनर याने सॅन फ्रान्सिस्को येथे एका काव्योत्सवाच्या अंतर्गत पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली. तीस ‘राष्ट्रीय’ हे विशेषण लावणे हे धाडसच होते. कारण तेथे संघ आले ते शिकागो व सॅन फ्रान्सिस्को या दोनच नगरांचे, आणि न्यू यॉर्कतर्फे पॉल बीटी हा एकटा कवी. शिकागोचा संघ विजयी झाला व वैयक्तिक विजेतेपद शिकागोच्याच पॅट्रिशिया स्मिथ या कवयित्रीस मिळाले. पुढील वर्षी ही स्पर्धा शिकागोत, १९९२ मध्ये बॉस्टनमध्ये, नंतर अॅशव्हिल, अॅन आर्बर, पोर्टलंड, ऑस्टिन, प्रॉव्हिडन्स, सिअॅटल अशी फिरत राहिली. १९९६ ची पोर्टलंड येथील स्पर्धा ‘स्लॅमनेशन’ या १९९८ च्या माहितीपटात चित्रित झाली असून, संघांची आखणी, क्रम लावण्यातील डावपेच आणि नगराभिमान यांचे तीत जे दर्शन घडते ते अभ्यासकास अत्यंत उपयुक्त आहे.

नगर हेच एकक का? याचे पहिले कारण व्यावहारिक आहे. स्लॅमची जननी म्हणजे ठरावीक वारी भरणारी बैठक, आणि अशी बैठक नगराचीच असू शकते. वर्षभर त्याच मंडळींसमोर म्हणून, त्यांचे शिव्याशाप व शाबासकी घेऊन जे कवी वर येत, त्यांतून चारांचा संघ निवडला जाई. प्रांतास वा राष्ट्रास असा श्रोतृवर्ग नसतो. दुसरे कारण भाषिक आहे. नगराची बोली, तेथील वस्त्यांची नावे, तेथील वंशसमूहांचे उच्चार हे या कवितेचे द्रव्य होते. संघ दुसऱ्या नगरी जाई तेव्हा तो आपल्याबरोबर एक बोली घेऊन जाई, आणि अनोळखी श्रोत्यांसमोर ती कितपत टिकते हे पाही. अशा रीतीने ही स्पर्धा एकाच भाषेच्या नागर बोलींची परस्परांशी भेट घडविणारे स्थान झाली.

याची एक विपरीत बाजूही आहे. परक्या नगरातील श्रोत्यांना तीन मिनिटांत जिंकावयाचे असेल तर जे सर्वत्र जिंकते ते उचलण्याकडे कल होतो. त्यामुळे चढत जाणारा वेग, अकस्मात विराम, वाक्याच्या शेवटी उंच राहणारा सूर, आत्मकथनाचा आविर्भाव ही लक्षणे दूरदूरच्या नगरांत सारखीच दिसू लागली. ज्या स्पर्धेने बोलींस व्यासपीठ दिले तिनेच एका सामान्य पठणशैलीस जन्म दिला. सुझन सॉमर्स-विलेट या अभ्यासक कवयित्रीने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कवितेतील ‘स्व’त्वाच्या सादरीकरणाची चर्चा केली आहे, श्रोते कवितेबरोबरच कवीच्या अस्सलपणासही गुण देतात, हे तिचे निरीक्षण मार्मिक आहे. त्यास भाषाशास्त्राच्या बाजूने एवढीच पुस्ती जोडता येईल की, अस्सलपणाची खूण म्हणून जो स्वर ऐकला जातो तोही अनुकरणाने शिकता येतो.

४

स्लॅमच्या या दोन विशेषांस, म्हणजे नगरनिष्ठ संघ व यदृच्छेने निवडलेले परीक्षक यांस, पूर्वीच्या इतिहासात आधार आहे काय? येथे वंशपरंपरा सिद्ध करण्याचा प्रयत्न नाही. शिकागोतील बांधकाम कामगाराने ग्रीक पुराव्यावरून नियम बांधले असे कोणी म्हणणार नाही. परंतु समान प्रश्नास भिन्न काळी मिळालेली समान उत्तरे ही इतिहासाच्या अभ्यासकास बोधप्रद असतात.

अथेन्स येथील दिओनिसस देवाच्या महोत्सवात स्तोत्रगायनाची स्पर्धा होई. क्लैस्थेनीसच्या सुधारणांनंतर अथेन्सचे नागरिक दहा गणांत विभागले गेले होते. प्रत्येक गण पन्नास पुरुषांचा व पन्नास मुलांचा असे वृंद पाठवी, आणि विजय कवीइतकाच गणाचा मानला जाई. परीक्षकांची निवड चिठ्ठ्या टाकून होई. प्रत्येक गणातून एक असे दहा परीक्षक घेतले जात. त्या दहांची मतेदेखील सर्वच मोजली जात असे नाही. पात्रातून काही मतेच काढली जात, आणि ती सामान्यतः पाच असत असे अभ्यासक मानतात. लाचलुचपत व भीड यांवर दैव हाच उतारा, ही यामागील भूमिका. स्लॅममधील पाच परीक्षक आणि वरखालच्या गुणांचा त्याग यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

या रीतीवरील आक्षेपही तितकाच जुना आहे. प्लेटोने ‘नियम’ या संवादात अशी तक्रार केली आहे की, पूर्वी श्रोते शांतपणे ऐकत व जाणत्यांचा निर्णय मानीत. पुढे कवींनीच त्यांना बिघडविले आणि श्रेष्ठांच्या सत्तेच्या जागी प्रेक्षागृहाची सत्ता आली. सन २००० मध्ये अमेरिकन समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम याने स्लॅम म्हणजे कलेचा मृत्यू होय, असा अभिप्राय दिला, तेव्हा तो जाणूनबुजून वा नकळत प्लेटोच्याच पंगतीस बसला. या अभिप्रायाची परीक्षा पुढील घटनांनी केली आहे. चार वेळा वैयक्तिक राष्ट्रीय विजेती ठरलेल्या पॅट्रिशिया स्मिथ हिला २०२१ मध्ये रूथ लिली पुरस्कार, म्हणजे जीवनभराच्या काव्यकार्याचा एक श्रेष्ठ सन्मान, प्राप्त झाला. आणि शिकागोच्या संघातून स्पर्धेत उतरलेल्या टायहिंबा जेस यास २०१७ चा काव्याचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. स्लॅममधून येणारी प्रत्येक कविता उत्तम असते असे यावरून ठरत नाही. पण तीतून उत्तम कवी येऊच शकत नाही हे मत मात्र टिकत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या विषयास अधिक जवळचे आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत नेदरलंड्‌सच्या नगरांत ‘वक्तृत्वमंडळे’ होती. कारागीर, व्यापारी, चित्रकार हे त्यांचे सभासद. ब्राबांट प्रांतातील मंडळांच्या स्पर्धामालेस ‘लांडयूवेल’ म्हणत. पारितोषिके रुप्याची असत, आणि श्रेष्ठ पारितोषिक मिळविणाऱ्या नगरावर पुढील स्पर्धा भरविण्याचे दायित्व येई. १५४१ मध्ये डीस्ट येथे अँटवर्पचे ‘व्हायोलीरन’ हे मंडळ विजयी झाले. परंतु स्पर्धा भरविण्याची संधी त्यास वीस वर्षांनी, ऑगस्ट १५६१ मध्ये, मिळाली. ब्रसेल्सच्या मंडळाने त्या वेळी तीनशे चाळीस घोडेस्वारांनिशी नगरप्रवेश केला, असे एका इंग्रज व्यापारी प्रतिनिधीच्या पत्रावरून कळते. मनुष्यास विद्याकलांकडे सर्वाधिक प्रवृत्त करणारे काय आहे, या प्रश्नावर प्रत्येक मंडळाने पद्यनाट्य रचून आणावयाचे होते.

हा विषयदेखील सहजासहजी ठरलेला नव्हता. १५३९ मध्ये गेंट येथील स्पर्धेत मरणोन्मुख मनुष्यास सर्वांत मोठा दिलासा कशाचा, या प्रश्नावरील नाट्यांतून धर्मसुधारणेची मते प्रकट झाली होती आणि त्यांच्या छापील संग्रहावर बंदी आली होती. म्हणून १५६१ मध्ये विषयांची यादी राज्यप्रतिनिधी पार्माची मार्गारेट हिच्यापुढे ठेवून तीतूनच निवड करावी लागली. एवढी सावधगिरी बाळगूनही पुढचा काळ टळला नाही. व्हायोलीरन मंडळाचा प्रमुख व अँटवर्पचा नगराध्यक्ष आंटोनिस व्हान स्ट्रालेन यास आल्बाच्या दडपशाहीत १५६८ मध्ये देहान्त शासन झाले. ब्राबांटच्या त्या परंपरेतील १५६१ चा महोत्सव हा अखेरचा मोठा महोत्सव ठरला. नगरांनी एकत्र येऊन लोकभाषेत मोठ्याने बोलणे ही गोष्ट सत्ताधाऱ्यांस किती गंभीर वाटत असे, हे यावरून दिसते.

भाषेच्या इतिहासात या मंडळांचे स्थान त्याहून मोठे आहे. निरनिराळ्या नगरांची मंडळे एकाच लोकभाषेत परस्परांसमोर उभी राहिल्याने शुद्ध कोणते, सामान्य कोणते, हे प्रश्न निकडीचे झाले. १५८४ मध्ये प्रसिद्ध झालेले डच भाषेचे पहिले छापील व्याकरण अॅम्स्टरडॅमच्या ‘एग्लँटियर’ या वक्तृत्वमंडळानेच सिद्ध केले, हा योगायोग मानता येत नाही.

मराठी वाचकास या ठिकाणी कलगी-तुऱ्याच्या सामन्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही श्रोत्यांसमोर जिंकणे-हरणे आहे, हजरजबाब आहे. परंतु तेथील एकक फड व संप्रदाय हे आहे. शक्ती श्रेष्ठ की शिव, हा वाद नगरांचा नव्हे. शिवाय तेथे रात्र हीच कालमर्यादा. म्हणून साम्य दर्शवून थांबणे हेच योग्य.

५

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. स्लॅम अमेरिकेबाहेर गेली तेव्हा प्रथम ती भाषेच्या सीमेतच पसरली. जर्मन भाषेतील नगरांची पहिली एकत्रित स्पर्धा १९९७ मध्ये बर्लिन येथे झाली. पुढे तीत ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील कवी सामील झाले, आणि २००८ मध्ये ती झुरिक येथे भरली. राज्ये भिन्न पण लेखनभाषा एक, असे हे आंतरराष्ट्रीयत्व होते. कोणाही श्रोत्यास परीक्षक करण्याची रीत येथे अडचणीवाचून चालली. २०१६ मध्ये जर्मनीने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत जर्मनभाषी स्लॅमची नोंद केली. मद्यगृहातील करमणूक तीस वर्षांत वारसा व्हावी, हे संस्थेच्या इतिहासातील एक विलक्षण वळण होय.

पॅरिसच्या बेलव्हिल भागात भरू लागलेल्या विश्वचषक स्पर्धेत मात्र परिस्थिती मुळातच बदलली. तेथे प्रत्येक कवी एका देशाचा प्रतिनिधी असतो व स्वभाषेत कविता म्हणतो. त्याच वेळी पडद्यावर भाषांतर दिसते आणि श्रोत्यांतील परीक्षक गुण देतात. येथे दोन गोष्टी एकदम घडल्या: नगराची जागा राष्ट्राने घेतली, आणि कानाच्या जोडीस डोळा आला. युनेस्कोने २००४ पासून ‘साहित्यनगरी’ ही पदवी देण्यास आरंभ केला. एडिंबरो ही पहिली, आणि २०२३ मध्ये कोळिकोड ही भारतातील पहिली. अशा नगरांमध्ये ‘स्लॅमोव्हिजन’ नावाची जी स्पर्धा होऊ लागली तीत नगर हे एकक पुन्हा आले आहे. परंतु कवितेचे ध्वनिचित्रमुद्रण भाषांतराच्या ओळींसह पाठविले जात असल्याने कवी व श्रोता समोरासमोर येण्याचा मूळ प्रसंग तेथे उरत नाही.

बहुभाषिक स्पर्धा न्याय्य असू शकते काय? याविषयीची पहिली शंका कालमर्यादेची. तीन मिनिटांत एका भाषेत पुष्कळ सांगता येईल, दुसरीत थोडे, असे सकृद्दर्शनी वाटते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतरा भाषांच्या एका अभ्यासाने या शंकेस बरेच उत्तर दिले आहे. जपानीसारख्या भाषेत अक्षरे वेगाने उच्चारली जातात पण प्रत्येक अक्षर थोडी माहिती वाहते. थाईसारख्या भाषेत गती संथ पण अक्षर भरीव. दोन्हींचा गुणाकार केला असता माहितीचा वेग सर्वत्र सेकंदास सुमारे ३९ बिट इतका जवळपास सारखाच येतो. हे मापन साध्या गद्याच्या वाचनाचे आहे, छंदोबद्ध पठणाचे नव्हे, ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणावयास प्रत्यवाय नाही की, तीन मिनिटांचा नियम भाषाभाषांत मोठा पक्षपात करीत नाही. वक्त्याच्या बाजूने न्याय आहे.

अन्याय आहे तो श्रोत्याच्या बाजूने. पडद्यावरील ओळ कवीच्या आवाजाशी बांधलेली नसते. विनोदाचा शब्द उच्चारला जाण्याआधीच तो वाचून झालेला असतो, किंवा उच्चारल्यावर काही क्षणांनी वाचला जातो; सभागृहातील हशा मग कवीच्या मागे-पुढे धावतो. भाषांतर आधी करून ठेवावे लागते, म्हणून कवितेचा पाठ आधीच गोठविला जातो. श्रोत्यांचा रंग पाहून शब्द बदलण्याची जी मुभा ‘ग्रीन मिल’मधील कवीस होती ती येथे नाही. श्लेष, बोलीचा लहेजा, उपभाषेतून प्रमाणभाषेत व पुन्हा परत जाण्याची खुबी, म्हणजे ज्या द्रव्यामुळे नगर हे एकक अर्थपूर्ण होते तेच द्रव्य, पडद्यावर सपाट होते. याउलट पुनरावृत्ती, ध्रुवपद, हावभाव, लयीचे चढउतार आणि सर्वपरिचित विषय यांचे मोल वाढते. परीक्षक ज्यास गुण देतो ती वस्तू कवीचा आवाज व अनुवादकाची ओळ यांची संयुक्त निर्मिती असते. आणि त्या दोहोंपैकी एकाचेच नाव पुकारले जाते.

येथेच चिठ्ठीच्या न्यायाचा पाया हलतो. अथेन्समध्ये वा शिकागोत कोणाही श्रोत्यास परीक्षक करणे रास्त होते, कारण त्यांस एक अधिकार समान होता: ती भाषा त्यांची होती. काव्यशास्त्र ठाऊक नसलेला मनुष्यही आपल्या भाषेतील खोटा शब्द ओळखतो. प्लेटो व ब्लूम यांना या अधिकाराची किंमत कमी वाटली. स्मिथने तिच्यावर एक संस्था उभी केली. परभाषेच्या श्रोत्यास मात्र हा अधिकार नाही. त्याच्या हाती गुणपट्टी दिली की दैवाने मिळणारी निःपक्षपातीपणाची हमी उरते, पण निर्णयास लागणारे ज्ञान उरत नाही.

६

यावरून बहुभाषिक स्पर्धा निरर्थक ठरतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या श्रोत्याने एरवी एस्टोनियन वा वेल्श भाषेचा नादही ऐकला नसता त्याने तो तीन मिनिटे लक्षपूर्वक ऐकावा, ही लहान गोष्ट नाही. निष्कर्ष एवढाच की, तेथील गुणांचा अर्थ वेगळा आहे. एकभाषिक स्पर्धेतील गुण श्रोतृसमाजाचा कवितेविषयीचा अभिप्राय सांगतात; बहुभाषिक स्पर्धेतील गुण कवितेतील किती अंश भाषेच्या पलीकडे पोचला, हे सांगतात. दोन्ही मापने उपयुक्त आहेत. मात्र एकाच्या जागी दुसरे वाचणे ही चूक आहे.

संस्थेच्या उत्तरकालीन इतिहासाची नोंद करून हे विवेचन पुरे करू. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धा चालविणारी ‘पोएट्री स्लॅम इन्कॉर्पोरेटेड’ ही संस्था १९९७ मध्ये विधिवत स्थापन झाली. तिने २००४ पासून वैयक्तिक स्पर्धा व २००८ पासून स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा चालविली, आणि २०१८ मध्ये तिचे विसर्जन झाले; त्याच वर्षी शिकागोत तिची अखेरची राष्ट्रीय स्पर्धा भरली. स्लॅम मात्र तेथे संपली नाही. नगरांतील बैठका चालूच राहिल्या. अँटवर्पच्या महोत्सवानंतरही नगरांतील मंडळे टिकली होती, याचे येथे स्मरण होते. मोठी स्पर्धा मोडते तेव्हा बैठक उरते. कारण स्पर्धा बैठकीतून जन्मलेली असते.

आपल्यापुढील काम त्यामुळे स्पष्ट होते. १५६१ च्या स्पर्धेतील नाट्ये छापून निघाली, म्हणून आज त्यांचे शब्द आपणास वाचता येतात. त्यांचे उच्चार मात्र कायमचे गेले. स्लॅमची कविता कागदावर उतरवून तिचा अभ्यास झाला असे मानणारा विद्यार्थी तीच हानी आपल्या हाताने करून घेईल. विरामांची लांबी, सुरांचे चढउतार, श्रोत्यांचा प्रतिसाद आणि भाषांतराची ओळ पडद्यावर आली तो क्षण, ही सर्व पाठसंशोधनाची सामग्री मानली पाहिजे. ध्वनिमुद्रणाची साधने आज प्रत्येकाच्या हाती आहेत. उणीव आहे ती टिपण्याच्या पद्धतीची. ती सिद्ध करण्याचे काम साहित्याच्या व भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी एकत्र बसूनच करावयाचे आहे, आणि ज्यांच्या बोली अद्याप कोणत्याही पडद्यावर आलेल्या नाहीत त्यांच्यासाठी ते सर्वांत आधी करावयाचे आहे.